फी शून्य, खर्च किती?

2024 च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने एका दिवसाच्या अंतराने दोन निर्णय काढले. 8 जुलैचा निर्णय उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी ही सवलत निम्म्यावर होती. 9 जुलैचा निर्णय कौशल्य विकास विभागाचा. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. पहिला मुलीला सांगतो, कॉलेजात ये, फी पडणार नाही. दुसऱ्यात सरकारनेच बारावी झालेल्या मुलामुलीच्या एका महिन्याला भाव लावलेला आहे. कॉलेजात बसणारी मुलगी दर महिन्याला निदान तेवढ्या पैशांवर पाणी सोडते. हा खर्च कुठल्याही पावतीवर येत नाही, कोणी तो माफ करत नाही, आणि शिक्षणाच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम बहुधा तीच असते.

हे सगळीकडेच खरं आहे, पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ते उघड्या डोळ्यांना दिसतं. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को आणि बजाजच्या मागोमाग शेकडो लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली. पुढे जागा अपुरी पडली तसे कारखाने नाशिक रस्त्याने वर सरकले. चाकणला 1999 मध्ये बजाज, 2009 मध्ये फोक्सवॅगन, 2010 मध्ये महिंद्र. परिणाम असा की खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरच्या मुलांना अठरावं पूर्ण झालं की घरापासून तासाभरावर काम मिळतं. ठेकेदाराकडे आधार कार्ड आणि दोन फोटो दिले की पुढच्या सोमवारी गेट पास तयार. आडबाजूच्या तालुक्यात, जिथे बारावीनंतर शेतमजुरीशिवाय दुसरं काही नसतं, तिथे कॉलेजात गेल्यामुळे बुडणारी कमाई थोडी असते. चाकणच्या आसपास कॉलेजची स्पर्धा दुसऱ्या कॉलेजशी नसून कंपनीच्या गेटशी आहे.

एक हिशेब मांडू. आकडे मी धरून चाललेले आहेत, वाचकाने त्यांच्या जागी आपल्या घरचे घालावेत. समजा, खेड तालुक्यात पाईटकडची एक मुलगी बारावी विज्ञान झाली. चाकणला ठेकेदारामार्फत कामाला लागली तर तिच्या हातात महिन्याला 14,000 पडतात. कंपनीची बस गावाच्या फाट्यावरून नेते, जेवण कॅन्टीनला, राहणं घरी. चार वर्षांत 6 लाख 72 हजार. दुसरा रस्ता निगडी-आकुर्डीकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. तिथली वार्षिक फी समजा एक लाख, त्यातलं शिक्षण शुल्क 90,000. ते माफ झालं, म्हणजे चार वर्षांत 3 लाख 60 हजार वाचले. उरलेले वर्षाचे 10,000 विकास शुल्काचे. ते माफीत येत नाहीत. मग राहणं. कॉट बेसिसवर महिन्याला 3,500, मेसचे 3,500. ती घरी असती तरी जेवलीच असती, तेव्हा घरच्या जेवणाचे 1,500 वजा करू. हा न्याय्य हिशेब आहे, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही तो असाच करतात. महिन्याचा जादा खर्च 5,500, वर्षाचे दहा महिने, चार वर्षं: 2 लाख 20 हजार.

आता बेरीज. माफ झालेली फी 3 लाख 60 हजार, न माफ झालेली 40 हजार, बुडालेला पगार 6 लाख 72 हजार, राहण्याजेवणाची वाढ 2 लाख 20 हजार. एकूण 12 लाख 92 हजार. सरकारने यातला चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग उचलला. उरलेले नऊ लाखांहून जास्त त्या घराने सोसले, आणि त्यातला मोठा भाग न आलेल्या पैशांचा असल्यामुळे घराला तो खर्च वाटतही नाही. फक्त चार वर्षं हात आखडलेला राहतो आणि तो का, हे नीट कळत नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 च्या सुमारास हीच आकडेमोड त्यांच्या देशासाठी केली होती. हायस्कूल आणि कॉलेजशिक्षणाच्या एकूण खर्चात अर्ध्याहून अधिक वाटा विद्यार्थ्यांनी सोडलेल्या कमाईचा निघाला. त्यांना 1979 मध्ये नोबेल मिळालं. शेतकरी कुटुंबं आपल्या पैशांचे आणि श्रमाचे निर्णय अडाणीपणाने घेत नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर ठासून सांगितलं. चाकणच्या एखाद्या बापाने पोरीला कॉलेजाऐवजी कंपनीत पाठवलं तर त्याला शिक्षणाची किंमत कळत नाही, असं म्हणण्याआधी हे आठवावं. त्याला ती नेमकी कळलेली असते.

मुलींच्या बाबतीत या हिशेबाला नवं वळण लागलंय. पूर्वी या भागात मुलीने शिक्षण सोडलं तर ती घरकाम, शेतकाम आणि लग्न याच वाटेने जायची. तिच्या न मिळालेल्या पगाराचा प्रश्न येतच नव्हता. आता जुळणीच्या कामावर मुली सर्रास दिसतात. 2016 च्या अखेरीस बजाजने डॉमिनार बाजारात आणली तेव्हा तिची जुळणी चाकणच्या कारखान्यात स्त्रियांची फळी करत होती आणि त्याची चांगली चर्चा झाली होती. ही प्रगतीच आहे. पण मुलीच्या श्रमाला भाव आला की तिच्या शिक्षणाचा छुपा खर्चही वाढतो, आणि म्हणूनच फीमाफी आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त गरजेची असूनही आज ती एकटी कमी पडते.

पावती जरा जवळून पाहू. खासगी विनाअनुदानित कॉलेजच्या पावतीवर पहिली ओळ शिक्षण शुल्काची, दुसरी विकास शुल्काची. ही दोन्ही शुल्कं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याखाली विद्यापीठाचं शुल्क, विमा, अनामत, आणि कॉलेजगणिक बदलणाऱ्या ओळी. वसतिगृह, बस आणि गणवेश यांची पावती बहुधा वेगळी फाडतात. शासन निर्णयाची रेघ वरच्या एका ओळीवर आणि परीक्षा शुल्कावर येते. टीव्हीवर 'मोफत' ऐकून आलेली आई खिडकीपाशी उरलेला आकडा वाचते आणि गोंधळते. तिला कोणी फसवलेलं नसतं; पण बातमीत अभ्यासक्रम मोफत झाला होता, कागदावर मात्र शुल्काचा एक प्रकार माफ झालाय. शिवाय माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेल्या जागेलाच लागू आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला, तसंच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती नाही.

कागदपत्रांचाही खर्च असतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, मग महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. कायम कामगाराला यासाठी रजा टाकता येते. ठेकेदाराकडच्या माणसाला राजगुरुनगरच्या तहसील कचेरीची एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला; शिवाय पूर्ण हजेरीचा भत्ता असेल तर तोही. सर्व्हर बंद असला की खाडे दोन होतात. ही रक्कम लहान आहे, पण ती ज्यांच्याकडून जाते त्यांच्यासाठीच योजना आहे.

आणि ती 8 लाखांची रेघ. या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांमधला कायम कामगार दर तीन-चार वर्षांनी होणाऱ्या वेतनवाढ कराराची वाट पाहत असतो. करार झाला, पगार चढला, त्यात ओव्हरटाइम आणि बोनस धरला की तो रेघेपलीकडे जाऊ शकतो. 7 लाख 95 हजारवाल्याच्या मुलीला पूर्ण माफी, 8 लाख 5 हजारवाल्याच्या मुलीला एक रुपयाही नाही. दहा हजारांची पगारवाढ 90 हजारांना पडते. पगारदाराचं उत्पन्न फॉर्म 16 मध्ये पैशापर्यंत दिसतं. ज्याच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची रोख भाडी येतात, त्याचं उत्पन्न दाखल्यावर तितकं स्पष्ट येत नाही. रेघ कुठेही मारली तरी कोणीतरी काठावर सापडणारच, हे मान्य आहे. पण शंभर टक्क्यांवरून थेट शून्यावर येण्याऐवजी माफी पायरीपायरीने उतरती ठेवणं अवघड नाही, आणि ते व्हायला हवं.

मग फीचे पैसे भरतं कोण? सरकार भरतं, असं म्हणून थांबता येत नाही. शासन निर्णयानुसार या माफीचा वाढीव बोजा सुमारे 906 कोटी रुपयांचा. हे पैसे वस्तू व सेवा करातून येतात, पेट्रोलवरच्या करातून येतात. सेकंड शिफ्टला मोटारसायकलवरून जाणारा ठेक्यावरचा तरुण, जो दहावीनंतर कॉलेजची पायरी कधी चढला नाही, तोही यात भर घालतो. इंजिनिअर झालेली मुलगी पुढे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावेल. फुकट उच्चशिक्षणावरचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत टोकदार आक्षेप आहे, आणि महाराष्ट्राने तो एकदा प्रत्यक्ष अनुभवलाय.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. दहा वर्षांनी, 1993 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' अशी विभागणी घालून दिली. गुणवत्तेत वर असलेल्याला फ्री सीट, खालच्याला पेमेंट सीट, आणि दुसऱ्याच्या फीतून पहिल्याचा खर्च भागणार. त्या काळात बारावी झालेल्यांना हे दोन शब्द अजून आठवतात. पण गुणवत्तेत वर कोण येत होतं? चांगली शाळा आणि महागडे क्लास परवडणारी शहरी मुलं. आणि पेमेंट सीटसाठी जमीन गहाण टाकणारे अनेक जण गावाकडचे. बिनतयारीच्या मुलाचा बाप तयारीच्या मुलाची फी भरत होता. 2002 मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना मोडीत काढली, आणि ती मोडताना ही विसंगतीही लक्षात घेतली.

आजची माफी उत्पन्नाची अट घालते, म्हणून ती त्या योजनेपेक्षा निश्चितच बरी आहे. तरी एक चाळणी तशीच आहे. कॅपमधून चांगली जागा मिळवायची तर सीईटीचे गुण लागतात, गुणांसाठी अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लास लागतो, आणि क्लासच्या फीला माफी नाही. चिंचवड-निगडीत क्लासच्या पाट्या चौकाचौकात आहेत, पाईटमध्ये नाहीत. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे निदान शाळा तरी गाठता येते. बारावी संपली की तो पास संपतो आणि सवलतीचा पास सुरू होतो. म्हणजे फी माफ होते त्याच जूनमध्ये प्रवास महाग होतो.

सरकार फी भरतं, पण केव्हा भरतं, हेही महत्त्वाचं. प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते ही विनाअनुदानित कॉलेजांची कायमची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. वीजबिल आणि कर्जाचा हप्ता वेळेवर द्यावा लागतो. ज्यांना थांबवता येतं ते थांबतात, म्हणजे प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळेची खरेदी, रिकाम्या जागांवरच्या नेमणुका. काही कॉलेजं आधी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ असं सांगतात. सरकार त्यांना तंबी देतं. या ओढाताणीत मुलीला मिळणारं शिक्षण हळूहळू पातळ होतं. जे पातळ झालं त्याची नोंद कुठे होत नाही. कार्यशाळेत एका लेथभोवती पाच जण असण्याऐवजी पंधरा जण असतात, इतकंच.

आणखी एक धोका आहे, तो सावकाश येतो. फी स्वतः भरणारा पालक दरवर्षी वाढीवर कुरकुर करतो. सरकार भरत असेल तर त्याला पाहायचं कारण उरत नाही. अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी 1987 मध्ये आरोप केला होता की सरकारी मदत वाढली की कॉलेजं फी वाढवून ती गिळतात. संशोधकांचं त्यावर आजही एकमत नाही. आपल्याकडे शुल्क नियामक प्राधिकरण मधे उभं असल्याने तशी मोकाट वाढ शक्य नाही. मात्र प्राधिकरण कॉलेजच्या झालेल्या खर्चावरून फी ठरवतं, तेव्हा खर्च तपासणारी तिथली माणसं किती आणि किती कसून काम करतात, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

बाहेरच्या देशांनी हा पेच वेगवेगळ्या रीतीने सोडवलाय. ऑस्ट्रेलियाने 1974 मध्ये विद्यापीठांची फी रद्द केली आणि 1989 मध्ये परत आणली, पण शिकून कमाई ठरावीक पातळीवर गेल्यावरच हप्ता कापायचा, अशा कर्जाच्या रूपात. स्कॉटलंडने फी काढून टाकली, परंतु प्रत्येक जागेमागे सरकारला पैसे मोजावे लागत असल्याने जागांची संख्या बांधून ठेवली. जर्मनीतल्या काही राज्यांनी थोडी फी सुरू करून 2014 पर्यंत ती बंद केली. तिथे तरुणाईच्या मोठ्या हिश्शाला कारखान्यातल्या प्रशिक्षणाची पक्की वाट आधीपासून आहे, म्हणून पदवीवरचा ताण कमी. जागांच्या बाबतीत महाराष्ट्रात स्कॉटलंडच्या नेमकं उलटं चाललंय. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली. जागा वाढतायत, त्यातही कॉम्प्युटरच्या. जागा वाढल्या की माफीचं बिल वाढणार.

चाकणच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. इथल्या कारखान्यांना सीएनसी चालवणारे, डाय दुरुस्त करणारे, रोबोच्या वेल्डिंगची देखभाल करणारे हात हवे असतात. ते हात आयटीआय आणि डिप्लोमातून येतात. पिंपरी-चिंचवड महापालिका मोरवाडीला स्वतःचं आयटीआय चालवते, अवसरीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि तंत्रनिकेतन आहे. आयटीआयमधून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमातून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, मधे कमावताही येतं. पण पदवीची फी शून्य झाली की पालकांच्या मनात पदवीच पहिली आणि बाकी सगळं उरलंसुरलं, हा समज आणखी घट्ट होतो. मग चार वर्षांनी पदवीधर आणि डिप्लोमावाला एकाच ट्रेनीच्या रांगेत उभे राहतात. पदवीधराची चार वर्षं गेली, पगार जवळपास तोच.

याचा अर्थ फीमाफी चुकली असा मी अजिबात लावत नाही. मुलगी पदवीपर्यंत शिकली की लग्न पुढे जातं, तिच्या नावावर स्वतःचा पगार येतो, तिची मुलं शाळेत टिकतात. हा परतावा कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात मावणारा नाही. शिवाय जिथे त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेला 46,000 कोटींची तरतूद होते, तिथे 906 कोटींवरून शिक्षणाला महाग म्हणता येत नाही. माझा मुद्दा पुढच्या रुपयाचा आहे: तो कुठे घालायचा.

सरकारने याचं उत्तर अर्धवट दिलेलंच आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. वर मांडलेल्या कॉट आणि मेसच्या 70,000 च्या हे बरंच जवळ जातं, म्हणजे आकडा ठरवणाऱ्यांना खोलीचं भाडं ठाऊक होतं. इतर मागास, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास वर्गांसाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिच्यात जिल्ह्यामागे 600 विद्यार्थी ही मर्यादा आहे. 36 जिल्हे, 21,600 विद्यार्थी, मुलगे आणि मुली मिळून. फीमाफीच्या लाभार्थी मुली सरकारच्याच अंदाजाने दोन लाखांवर. पुणे जिल्ह्यात मराठवाड्यापासून खानदेशापर्यंतच्या मुली शिकायला येतात, आणि इथेही मर्यादा 600 चीच.

60,000 प्रमाणे आणखी दहा हजार मुलींना वर्षभर राहायला-जेवायला द्यायचं तर 60 कोटी लागतील. 906 कोटींच्या पंधराव्या हिश्शाइतके. मर्यादा जिल्ह्यागणिक सारखी न ठेवता बाहेरून शिकायला येणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे ठेवावी. आणि पहिला हप्ता प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात खात्यावर जमा करावा, कारण कॉट बेसिसवाला दोन महिन्यांचं डिपॉझिट प्रवेशाच्या दिवसांत मागतो, मार्चमध्ये नाही.